दादाची गाडी विकायला काढली

४ मार्च, सोमवार

रक्त गार पाण्यानं काढायचं असतं. गरम पाणी मारलं की ते शिवणीत कायमचं बसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. अपघाताच्या गाड्या साफ करता करता कळलं. आज दादाच्या गाडीतलं काढलं. जुना टूथब्रश, गार पाणी, चिमूटभर साबण. दोन तास गेले.

विकायला येणाऱ्या प्रत्येक गाडीची मी एक वही करतो. काय सापडलं, काय केलं, कुणी काय भाव सांगितला. अशा चाळीसेक वह्या फळीवर आहेत. ही दादाच्या गाडीची. घरची गाडी आहे, तेव्हा हिच्यात इकडचं तिकडचंही लिहिलं जाणार.

मागच्या वर्षी सिग्नलला एका टेम्पोवाल्यानं दादाला मागून हॉर्न दिला. दादा उतरला, त्याला खाली ओढलं, त्याचा हात गाडीच्या दारात धरला आणि दार लावलं. तीन बोटं गेली. निकाल शुक्रवारी लागला. भरपाई वेळेत भरली म्हणून तुरुंग टळला, पण लायसन्स तीन वर्षांसाठी गेलं आणि दर शनिवारी पोलीस ठाण्यात हजेरी लागली. दादा काल वरच्या घरातून खाली माझ्या गॅरेजमध्ये आला आणि किल्ली माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "छोट्या, विकून टाक. मी चालवायची नाही तर काय दारात ठेवून लोणचं घालू हिचं?"

डाग टेम्पोवाल्याचे असणार. पण तेव्हा गाडी मीच आतून-बाहेरून धुतली होती, आणि हे डाग ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर आहेत. माझ्याच नजरेतून सुटले असतील. वय झालं की काय चौतिसाव्या वर्षी!

६ मार्च, बुधवार

आज भाव काढला.

गाडी अशी: दोन दारं, सहा सिलिंडर, टर्बो, हातानं टाकायचे गिअर, चारशे घोड्यांची ताकद, गडद निळा रंग, सात वर्षं, एकसष्ट हजार किलोमीटर. अशा गाड्यांच्या एकोणीस जाहिराती सापडल्या. वरच्या तीन सोडल्या, कारण ते मालक गाडी नाही, स्वतःच्या आठवणी विकत असतात. खालच्या तीन सोडल्या, त्यांत काहीतरी भानगड असते. उरलेल्यांची सरासरी सतरा लाख. आपले टायर अर्धे झिजलेत, म्हणून थोडे वजा. सर्व्हिसची सगळी बिलं जपून ठेवलेली आहेत, म्हणून थोडे जमा. बिलं वहिनीनं जपली, तारखेवार, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. शेवटी आकडा साडेसोळा.

दादाला सांगितलं. तो जेवत होता. "बावीस," म्हणाला.

"बावीसला कोण घेईल, दादा?"

"मी घ्यायला लावीन."

वहिनी वाढत होती. म्हणाली, "भावजी म्हणतायत तर तेवढीच असेल ना किंमत." दादानं तिच्याकडे नुसतं बघितलं. ती आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

गाडी तशी वहिनीच्या नावावर आहे. दादाच्या नावावर इतक्या केसेस होत्या की विमा कंपनी त्याला दारात उभं करेना. म्हणून कागदावर मालकीण ती. चालवते मात्र कधीच नाही. दादा म्हणतो तिला गती झेपत नाही.

९ मार्च, शनिवार

गंमत बघा, लोक गाडीत जेवढं जास्त घालतात तेवढी ती विकताना स्वस्त होते. दादानं मोठ्या आवाजाचा सायलेन्सर टाकला होता, स्प्रिंगा बुटक्या केल्या होत्या, स्टिअरिंगही रेसचं. घेणाऱ्याला यातून एकच कळतं: गाडी बडवलेली आहे. मी सगळं काढलं आणि माळ्यावरचे मूळ भाग परत बसवले. आता सुरू केली की सभ्य माणसासारखी घसा खाकरते.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळीकडे फिरवलं. कंपनीचा रंग एकशेवीस मायक्रॉनच्या आसपास येतो. पुढच्या डाव्या पत्र्यावर तीनशेऐंशी आला. म्हणजे तिथं पुट्टी आणि नवा रंग. मी केलेला नाही. दादानं दुसरीकडून करून घेतला आणि मला सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं. सख्खा भाऊ डेंटर-पेंटर असताना!

विचारलं तर म्हणाला, "खांबाला घासली. तू उगाच पोलिसासारखं विचारू नकोस." आणि टपलीत मारली. जोरात लागली, पण त्याचा हातच तसा आहे.

बाबांचा हात याहून वाईट होता. पट्टा काढायचे ते, आणि बक्कलची बाजू मोकळी सोडायचे. मी सात वर्षांचा, दादा तेरा. दादा माझ्या अंगावर आडवा पडायचा. त्याच्या पाठीवर अजून खुणा आहेत. माझ्या पाठीवर एकही नाही. त्याच्याबद्दल कुणी काही बोललं की मला हे आठवतं आणि माझं डोकं सटकतं. मागे मी ज्या मुलीशी लग्न करणार होतो, ती एकदा म्हणाली, "तुझा भाऊ मला भीतीदायक वाटतो." मी तिचा मोबाइल भिंतीवर मारला. मोबाइलच फक्त. तेवढ्यावरून तिनं लग्न मोडलं. असो.

१२ मार्च, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक: दातांचा डॉक्टर. स्वच्छ माणूस, नखंसुद्धा घासलेली. येण्याआधी फोन करून म्हणाला, "इंजिन गार राहू द्या." तेव्हाच ओळखलं, जाणकार आहे. गार इंजिन खोटं बोलत नाही.

त्यानं सगळं नीट बघितलं. खाली वाकून, बॅटरी लावून. डाव्या पत्र्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "इथं काम झालंय." मी म्हणालो, "हो, झालंय." लपवून काय करणार? त्यानं पंधरा सांगितले. मी सोळावर आणला असता. तेवढ्यात दादा जिना उतरून आला.

"कोण म्हणतं काम झालंय?"

"यंत्र म्हणेल," डॉक्टर हसून म्हणाला.

हसायला नको होतं. दादानं त्याची गळपट्टी धरली, त्याला रोलिंग शटरवर दाबला आणि म्हणाला, "तुझ्या तोंडातलं एक-एक काम मी आत्ता करून देऊ?" डॉक्टरचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. चष्मा पडला. मी दादाचा दंड धरला, तर त्यानं मला कोपर मारलं, थेट नाकावर. मग डॉक्टर पळाला. चष्मा इथंच राहिला. काडी वाकलीये. सरळ करून पाकिटात घातला, पत्ता असला तर पाठवीन.

वहिनीनं बर्फ आणून दिला. नाकाला कसा धरायचा, मान किती वाकवायची, किती वेळानं काढायचा, सगळं तिला पाठ होतं. म्हटलं, "वहिनी, तुम्ही नर्स व्हायला हवं होतं." तिनं बर्फाचं फडकं पिळलं.

१५ मार्च, शुक्रवार

कापडाचा व्यापारी आला. तिशीचा, हौशी. गाडी बघून तोंडाला पाणी सुटलेलं लपवता येत नव्हतं. असली गिऱ्हाइकं मला आवडतात. म्हटलं, मी चालवतो, तुम्ही बाजूला बसा, मग अदलाबदल करू. ट्रायलचा माझा नियमच आहे तो.

दादा म्हणाला, "मी दाखवतो त्याला." लायसन्स नाही याची आठवण मी केली. त्यानं किल्ली माझ्या मुठीतून काढून घेतली; बोट मागे वाकवलं म्हणजे मूठ आपोआप उघडते.

पंचवीस मिनिटांनी परत आले. व्यापाऱ्याच्या शर्टावर उलटी होती. दार उघडून तो गुडघ्यांवरच उतरला. बाह्यवळणावर दादानं दोनशेच्या वर नेली म्हणे, आणि म्हणाला, "बावीस म्हण, मग ब्रेक मारतो." समोर दुधाचा टँकर होता. व्यापारी "बावीस" म्हणाला. मग दादानं त्याला दहा वेळा म्हणायला लावलं.

"बघ," दादा मला म्हणाला, "विकायचं असं असतं."

जाताना तो कापडवाला फाटकाशी उभा राहून ओरडला, "तुम्ही दोघंही वेडे आहात!" दोघंही? मी काय केलं? मला राग आला. मी त्याच्या मागे गेलो आणि त्याला खांद्यानं ढकलून गल्लीत घातला. हळूच. तो पडला, पण ते त्याच्या बुटांमुळे.

मग पट्ट्याचं हूक तपासलं. बाजूच्या सीटच्या पट्ट्याला चाकूनं कापल्यासारखी चीर आहे. बदलावा लागेल.

१८ मार्च, सोमवार

कापडवाल्यानं फोन करून नाही म्हटलं. दादानं टेबलफॅन फोडला.

दुपारी बोनेटला पॉलिश करत होतो. पॉलिशचं मशीन सुरू असलं की दुसरं काही ऐकू येत नाही. त्याचं बटण बंद केलं तेव्हा वर शांतता होती. थोड्या वेळानं वहिनी जिना उतरून आली. उजवा हात डाव्या हातानं धरलेला, मनगट भलत्याच ठिकाणी वळलेलं, चेहरा पांढराफटक.

"बाथरूममध्ये पाय घसरला, भावजी. दवाखान्यात न्याल का?"

नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे बघितला. मनगटाची दोन हाडं मोडलीत. त्यांनी विचारलं, "कशा पडलात?" वहिनीनं सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. माझं नाक अजून निळं होतं. म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी म्हटलं, मी दीर आहे, मला ऐकायला काय हरकत आहे? तर त्यांनी दारच लावून घेतलं. मी बाकड्यावर बसून होतो. एवढ्या तेवढ्यावरून संशय घेतात हे लोक. मी लाथ मारून कचऱ्याचा डबा पाडला. मग उचलून ठेवला.

अडचण अशी की विक्रीच्या कागदावर मालकिणीची सही लागते आणि वहिनीचा उजवा हात आता सहा आठवडे प्लास्टरमध्ये. दादा सकाळीच कोरे कागद घेऊन वर गेला होता, सह्या करून ठेव म्हणून. तिनं तेव्हाच केल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० मार्च, बुधवार

काचा नेहमी शेवटी करतो. आज पुढची काच आतून पुसताना डावीकडे कापड अडकलं. उजेड तिरका पडला तेव्हा दिसलं. कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर, बशीएवढी, वर काळ्या पट्टीखाली. बाहेरून दगड लागला तर चीर बाहेरच्या बाजूला नखाला लागते. बाहेरून नख फिरवलं. गुळगुळीत. आतून फिरवलं. लागलं.

काच आतून फुटली आहे.

त्या चिरेत एक लांब केस अडकलेला होता. चिमट्यानं काढला. कागदावर ठेवला. मग मी गाडीत बसलो, बाजूच्या सीटवर, आणि पुढे वाकून बघितलं. माझं कपाळ बरोबर तिथं येत नाही. माझ्याहून अर्धी वीत बुटक्या माणसाचं येईल.

दादा वकिलाकडे गेला होता. मी कागद घेऊन वर गेलो. वहिनी डाव्या हातानं भाजी चिरायचा प्रयत्न करत होती. कागद समोर ठेवला.

ती म्हणाली, "तुम्हाला आता दिसलं?"

मी म्हटलं, "वहिनी, पट्टा लावला नव्हता का तुम्ही?"

तिनं सुरी खाली ठेवली. "भावजी, तुम्ही पत्र्यावर बोट फिरवून सांगता गाडी कधी, कशी ठोकली ते. सहा वर्षं मी तुमच्यासमोर वावरतेय. माझ्याकडे बघून तुम्हाला काय वाटतं?"

मग तिनं सगळं सांगितलं. एका सुरात, बिलं वाचून दाखवल्यासारखं. काच मागच्या महिन्यातली: फोन उशिरा उचलला म्हणून त्यानं तिला गाडीत घातलं, तिचा पट्टा कापला, पेट्रोल पंपाच्या मोकळ्या जागेत गती घेतली आणि करकचून ब्रेक मारला. दोनदा. पहिल्यांदा तिनं हात पुढे केले होते म्हणून. डावा पत्रा बंद पडलेल्या कारखान्यामागचा: ती गाडीतून उतरून चालू लागली आणि तो तिच्या मागे गाडी घेऊन गेला, भिंत मध्ये आली म्हणून ती वाचली. मनगट सह्यांचं.

"सही का नाही केली?"

"ती गाडी एवढीच एक गोष्ट माझ्या नावावर आहे. ती गेली की मी कशावर निघू?" मग हळूच म्हणाली, "मालकीण म्हणून सांगते. तुम्ही विका, आणि पैसे माझ्या खात्यात घाला. बहिणीशी मी बोलून ठेवलंय."

मी खाली आलो. पाना हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

२१ मार्च, गुरुवार

काम केलं नाही. दादा दुपारी चहा घेऊन आला, स्वतः करून. म्हणाला, "छोट्या, नाक बरं आहे ना?" आणि माझी हनुवटी धरून इकडे तिकडे वळवून बघितली. बाबा झोपल्यावर तो माझे वळ असेच बघायचा. नसायचे तरी बघायचा.

मी चहा प्यायलो. मग माझ्या खोलीत जाऊन आरशावर डोकं आपटलं, कितपत लागतं ते बघायला. आरसा फुटला. लागतं.

२२ मार्च, शुक्रवार

गाडी शिकवण्याच्या शाळेची मालकीण आहे एक. पन्नाशीची, केस बारीक कापलेले. वेगात गाडी सांभाळायला शिकवते. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात. जाहिरात बघून तिचा फोन आला. उद्या अकराला या म्हटलं. दादा त्या वेळी पोलीस ठाण्यात हजेरीला जातो. वहिनीला सांगितलं. तिनं पिशवी भरून जिन्याखाली ठेवली.

२३ मार्च, शनिवार

आजचं अक्षर लागलं तर लागलं.

मास्तरीणबाई आल्या. आल्याबरोबर खाली झोपून बघितलं, मग आत बसल्या. काचेशी थांबल्या. "ही आतून आहे."

"हो."

"कशानं?"

मी म्हटलं, "डोकं आपटून." पहिल्यांदाच तोंडातून बाहेर काढलं.

"कुणाचं?"

वहिनी जिन्यात उभी होती. म्हणाली, "माझं."

बाईंनी चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सोळा देते. घासाघीस करायची इच्छा नाही." वहिनीनं मान हलवली. सहीचा प्रश्न होता. मी आधीच विचारून ठेवलं होतं, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि एक साक्षीदार चालतो. शाईचा पॅड काढला. वहिनीनं अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून मी सही केली. बाईंनी फोनवरून तिथल्या तिथं पैसे पाठवले.

तेवढ्यात दादा. हजेरी लवकर आटोपली होती.

त्यानं आधी कागद बघितला, मग वहिनीचा निळा अंगठा. काही बोलला नाही. तो ओरडतो तेव्हा एवढा वाईट नसतो. त्यानं तिचे केस मुठीत गुंडाळले आणि तिला ओढत गाडीपाशी नेलं. "मालकीण! चल, तुला तुझ्या गाडीत बसवतो," म्हणाला आणि प्लास्टरचा हात मागे पिरगळला. प्लास्टर तडकलं, त्याचा आवाज आला. ती किंचाळली. त्यानं तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. मग बाजूचं दार उघडलं, तिचा हात चौकटीत धरला आणि दाराला हात घातला.

मास्तरीणबाई त्याच्या पाठीवर चढल्या. त्यानं त्यांना झटकून टायरांच्या ढिगावर फेकलं.

मी चाकाचा पाना घेतला. लांब दांड्याचा. त्याच्या खांद्यावर मारला. हाड गेलं ते हाताला कळलं. तो वळला. त्याच्या तोंडावर जे होतं तो राग नव्हता. "छोट्या?" म्हणाला. जणू मी चुकून मारलं असावं. मी गुडघ्यावर मारला. तो बसला. वहिनी सुटून लांब झाली.

पुढचं मला नीट आठवत नाही. पाना हलका वाटत होता. बाबांचा पट्टाही मारताना त्यांना असाच हलका वाटत असेल. तो पाठ करून पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. त्याचा शर्ट वर गेला होता आणि जुन्या खुणा दिसत होत्या. त्या दिसल्या तरी मी मारत होतो.

वहिनीनं "थांबा" म्हटलं तेव्हा थांबलो.

२५ मार्च, सोमवार

दादा इस्पितळात आहे. खांदा, गुडघ्याची वाटी, चार बरगड्या, एका कानाचं ऐकणं गेलं. बरा झाला की तिथूनच कोठडीत. वहिनीची तक्रार नोंदवली गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या सोमवारीच सगळं लिहून ठेवलं होतं, फोटोंसकट.

मला काल दिवसभर बसवून ठेवलं आणि सोडलं. बचावासाठी मारलं, असं वकील म्हणतो. फौजदार चांगला माणूस आहे, पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. मला म्हणाला, "पहिले दोन घाव समजले मला. ते मीही घातले असते. पुढच्या नवांचं काय?"

"मोजले कुणी?" मी विचारलं.

"त्या शाळेच्या बाईंनी. आणि तुमच्या वहिनींनी तीनदा थांबा म्हटलं, असं त्या सांगतात. किंचाळून."

मला एकदाच ऐकू आलं. आवाजच नव्हता आला आधीचा. तसं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.

वहिनी बहिणीकडे आहे. नाकाला टाके पडले, प्लास्टर नवं घातलं. फोन केला तर बहीण उचलते.

३१ मार्च, रविवार

मास्तरीणबाई गाडी न्यायला आल्या. वाटलं होतं, आता कुठली घेतायत. पण म्हणाल्या, शब्द दिला म्हणजे दिला. मी नवी काच बसवली, नवा पट्टा बसवला, दोन्हीचे पैसे घेतले नाहीत. टाकी भरून दिली. डाव्या पत्र्याचं यंत्राचं वाचन कागदावर लिहून दिलं, कुणी पुढं त्यांना फसवू नये म्हणून.

म्हटलं, "ट्रायल म्हणून एक चक्कर मारू, मी बाजूला बसतो." त्या म्हणाल्या, "नको." हातात किल्ली घट्ट धरली होती. टायरांवर पडल्यामुळे त्यांची कंबर अजून दुखत असणार, म्हणून घाईत होत्या. गाडीत बसून त्यांनी आधी दारं आतून लावून घेतली, मग इंजिन सुरू केलं. सवय असेल. शाळेत शिकवत असतील तसं.

गाडी गेल्यावर जागा मोठी दिसायला लागली. पाण्यानं फरशी धुतली. गार पाण्यानं.

२ एप्रिल, मंगळवार

दादाला भेटलो. पोलीस दाराशी बसला होता. दादा ज्या कानानं ऐकू येतं तो माझ्याकडे करून पडला होता. मी काही बोलायच्या आधी म्हणाला, "पानाच का घेतला? पहारेएवढी टॉमी होती ना शेजारी. टॉमीनं एका घावात काम झालं असतं." आणि हसला. मग बरगड्या दुखल्या म्हणून थांबला.

निघताना म्हणाला, "आता कळलं ना, किती सोपं असतं?"

मी म्हटलं, "तुझं नि माझं वेगळं आहे." तो डोळे मिटून पडला. जिन्यात मी भिंतीवर बुक्की मारली. बोटाचं सालपट निघालं, आणखी काही नाही.

७ एप्रिल, रविवार

आज वहिनीकडे गेलो. न सांगता, कारण फोनवर बहीण टाळते. दवाखान्याची कागदपत्रं, तिची पिशवी, कपाटातले दोन स्वेटर असं सगळं एका खोक्यात नीट भरलं. तिसरा मजला. घंटा वाजवली.

बहिणीनं दार उघडलं ते साखळी लावूनच. "ती झोपलीये," म्हणाली.

पण मागे बोळात वहिनी उभी होती, मला दिसली. टाके काढलेत. बरी दिसत होती. मी हाक मारली, "वहिनी, मी आहे. मी एकटाच आहे."

ती पुढे आली नाही. म्हणाली, "भावजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण इथं येऊ नका."

"दादा आता बाहेर येणार नाही, वहिनी. निदान काही वर्षं तरी. आता घाबरायचं कारण काय?"

बहीण म्हणाली, "खोकं बाहेर ठेवा, आम्ही घेऊ नंतर."

नंतर कशाला? मी एवढ्या लांबून आलो, मी तिला वाचवलं, सख्ख्या भावाला मोडून टाकलं तिच्यासाठी, आणि दारात उभं करून बोलतात! आवाज थोडा चढला माझा. ते मान्य करतो. पण शिवी एकही दिली नाही. साखळीला हात लावला तो फक्त नीट बोलता यावं म्हणून. मग स्वतःला सावरलं, खोकं खाली ठेवलं, आणि येतो म्हणून निरोपाचा हात वर केला.

वहिनीनं झटकन प्लास्टरचा हात तोंडावर घेतला आणि भिंतीला चिकटली.

जिन्यातला दिवा अगदी दारासमोर आहे, त्याचा उजेड तिच्या डोळ्यांवर जात असणार.

पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. तोवर तिचं मन थोडं स्थिर होईल.